रेवाची फिरवणी

ऋतुजा जाधव रोज सकाळी साडेपाचला यंत्राला पाणी पाजायची. कोल्हापुरातल्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत तिला बारा वर्षं झाली होती, पण हा नेम तिने एकदाही मोडला नव्हता. दुधाचं फॅट सांगणारं यंत्र चालू केलं, की त्यात लगेच दूध घालायचं नाही. आधी साधं पाणी घालायचं आणि पडद्यावर शून्य येतंय का ते बघायचं. शून्य आलं तर यंत्र शुद्धीवर आहे. साडेतीन आलं तर ते अजून कालचंच दूध आठवत बसलंय असं समजायचं. नव्याने लागलेल्या पोरींना ती बजावायची, "ह्याला आधी काहीच नसलेलं दाखवा. पाण्यालाच फॅट लावत असेल तर दुधाचं काय खरं सांगणार ते?"

त्या गुरुवारी दुपारी ती हातमोजे काढत असतानाच धाकट्या भावाचा, धैर्यशीलचा फोन आला.

"ताई, रेवाचा शंभर झाला!"

"काय सांगतोस? एवढ्यात?"

"पावणेतीन वर्षांत! सोसायटीतल्या सगळ्यांच्या आधी. फिरवणी सतराव्या दिवशी, रविवारी. मुहूर्त काढलाय केतकीच्या बाबांनी. आत्याशिवाय होणार न्हाई हं, सुट्टी टाक."

शंभर कसला झाला, हे ज्या काळातली ही गोष्ट आहे त्या काळात कोणाला विचारावं लागत नसे. ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांच्यासाठी मात्र थोडं सांगायला हवं.

जन्मलेल्या बाळाच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा त्याच्या डोक्याचा असतो. एवढा मोठा भार ज्या मानेवर आहे ती मान मात्र कच्ची. मानेतला वरून दुसरा मणका जन्मतः एकसंध नसतोच. त्याचे तुकडे मऊ कूर्चेने सांधलेले असतात आणि त्या कूर्चेचं हाड व्हायला तीन वर्षं लागतात, कुणाला पाच, कुणाला सहाही. मूल गाडीत समोर तोंड करून बसलं असेल आणि गाडी पुढून आदळली, तर सीटचे पट्टे त्याचे खांदे धरून ठेवतात, पण डोकं पुढे जातच राहतं. सगळा हिसका त्या कच्च्या सांध्यांवर येतो. तेच मूल गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसलं असेल, तर सीटची पाठ त्याचं डोकं, मान आणि पाठ एकदमच झेलते. म्हणून लहान मुलाला उलटं बसवायचं. प्रश्न एवढाच, की किती दिवस?

पूर्वी ह्याचं उत्तर अंदाजाने देत. कोणी दोन वर्षं म्हणे, कोणी चार, कोणी वजनाचा आकडा सांगे. मग उशीत ध्वनिलहरी बसवलेली सीट आली. मूल बसलं, की उशीतली जेलची पिशवी मानेला मागून चिकटते, बारीक लहरी आत सोडते आणि प्रतिध्वनी ऐकते. हाडाचा प्रतिध्वनी वेगळा, कूर्चेचा वेगळा. प्रत्येक प्रवासात थोडं थोडं मोजून सीट एक आकडा काढते, तो ग्रीवांक. ग्रीवांक शंभरवर पोचला, की सीटखालच्या चकतीचं कुलूप उघडतं आणि घरातल्या मोठ्यांपैकी कोणी अंगठा टेकवला की सीट समोर फिरते.

शंभर म्हणजे फिरवता येईल, फिरवलंच पाहिजे असं नाही. मूल मावतंय तोवर उलटंच बसू दे, असं डॉक्टर घसा कोरडा करून सांगायचे. पण आकडा हाती आल्यावर आपले लोक थोडेच गप्प बसणार? दोन-चार वर्षांत बोरन्हाण आणि बारशाच्या जोडीला फिरवणी येऊन बसली. मुलाला औक्षण करायचं, मोटारीच्या आकाराची बर्फी वाटायची, आणि बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून सीट फिरवायचा मानही आत्याचाच. बालवाडीच्या अर्जात ग्रीवांकाची चौकट आली. बागेत बायका एकमेकींना "तुमचा फिरला का?" असं विचारू लागल्या, आणि ज्यांचा फिरला नव्हता त्यांची मान खाली जाऊ लागली.

ऋतुजाची गेली होती. तिचा मल्हार अंगाने लहानखुरा. तो फिरला तेव्हा चार वर्षं पाच महिन्यांचा होता. "अजून उलटाच होय गं?" हे तिने इतक्या जणींकडून ऐकलं होतं, की शेवटी शेवटी ती मल्हारला घेऊन हळदीकुंकवालाही जायची टाळत असे. आता मल्हार नऊ वर्षांचा झाला होता, झाडावरून उड्या मारत होता, पण ती बोच काही गेली नव्हती. त्यामुळे भाचीच्या कौतुकाने तिला आनंद झाला तसा पोटात एक बारीक चिमटाही बसला. तिने तो मनातल्या मनात कबूल केला आणि रेवासाठी पिवळा फ्रॉक घ्यायला गेली.

रविवारी अकराला धैर्यशीलच्या इमारतीखाली, पार्किंगमध्ये मांडव घातला होता. धैर्यशीलच्या बायकोचं, केतकीचं, माहेर आंबा घाटाखाली साखरप्याला. तिकडून तिचे आईबाबा, काका, मामेभावंडं अशी पंधरा-वीस माणसं आली होती. आचाऱ्याने एका कोपऱ्यात चूल मांडली होती. गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून मधोमध उभी केली होती, आणि मागचं दार उघडून आतली सीट सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती. रेवा नव्या फ्रॉकात, डोक्यावर दाट कुरळ्या केसांचं टोपलं घेऊन, बर्फीच्या ताटाभोवती घिरट्या घालत होती.

ऋतुजाने रेवाला उचलून सीटमध्ये बसवलं. ओवाळायला निरांजन यायला वेळ होता, म्हणून तिने सहज सीटच्या कडेचा पडदा पाहिला. वजन चौदा पूर्णांक दोन. उंची अठ्ठ्याण्णव. ग्रीवांक शंभर.

तिने आकडे पुन्हा वाचले.

मल्हारच्या वहीत ज्या दिवशी तिने "फिरला एकदाचा!" असं लिहिलं होतं, त्या दिवसाचे आकडे तिला पाठ होते. इतकी वाट पाहिलेल्या दिवसाचे आकडे कोण विसरेल? वजन चौदा पूर्णांक दोन, उंची अठ्ठ्याण्णव.

दोन मुलांचं वजन सारखं असू शकतं, उंचीही असू शकते. पण दोघांच्या मानेतली हाडं नेमकी त्याच वजनाला आणि त्याच उंचीला पुरी व्हावीत? आणि तीही एकाची साडेचार वर्षांत, दुसरीची पावणेतीन वर्षांत? प्रयोगशाळेत लागोपाठ दोन गवळ्यांच्या दुधाला एकच आकडा आला असता, तर तिने यंत्र तिथल्या तिथे बंद केलं असतं.

आणि मग तिला ते आठवलं.

ही सीट मल्हारचीच होती. आपल्याकडे नव्या बाळाला पहिलं झबलं नवं घालत नाहीत, चांगल्या वाढलेल्या एखाद्या मुलाचं जुनं घालतात. रेवा झाली तेव्हा ऋतुजाने मल्हारची झबली दिली, दुपटी दिली, आणि त्याच रिवाजाने सीटही दिली. सीट ह्या गाडीत बसवताना पडद्यावर प्रश्न आला होता: "नवीन नोंद उघडायची, की जुनी चालू ठेवायची?" तिची आई शेजारीच उभी होती. आई म्हणाली, "जुनीच राहू दे की. मल्हारची वाढ लागंल तिला." आणि ऋतुजाने, जी रोज पहाटे यंत्राला पाणी पाजते त्या ऋतुजाने, हसत हसत "जुनी" वर बोट टेकवलं होतं.

"केतकी, जरा इकडे ये."

जिन्याखाली दोघीच उभ्या राहिल्या. ऋतुजाने सांगितलं, "आज फिरवायला नको. मला हा आकडा खरा वाटत न्हाई."

"म्हणजे?"

"सीट रेवाची मान मोजत नाहीय. ती मल्हारची पट्टी रेवाला लावतेय. एवढं वजन, एवढी उंची, म्हणजे शंभर. रेवा तुमच्याकडच्यांसारखी थोराड आहे, म्हणून लवकर तिथवर पोचली. मान मात्र पावणेतीन वर्षांचीच आहे."

केतकी बोलली हळूच, पण शब्द मोजून. "ताई, राग मानू नका. मल्हारला वेळ लागला, म्हणून सगळ्याच मुलांना लागेल असं नाही ना? बाहेर माझ्या माहेरची माणसं बसली आहेत. मी त्यांना काय सांगू, आत्याला बघवत नाही म्हणून?"

ऋतुजाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. सगळ्यात झोंबलं ते हे, की त्यात थोडं खरं होतं. चिमटा बसलाच होता की तिला. पण पोटातला चिमटा आणि पडद्यावरचा आकडा ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि तिला आकड्यांचं कळत होतं.

"सांगू नकोस काही," ती म्हणाली. "मी दाखवते."

ती तडक आचाऱ्याकडे गेली. भाजीसाठी आणलेला एक लाल भोपळा तिने उचलला, तांदळाची पिशवी ओढली, आचाऱ्याच्या वजनकाट्यावर दोन्ही ठेवून मापट्याने तांदूळ काढत काढत काटा बरोबर चौदा पूर्णांक दोनवर आणला. लोक हसायला लागले. धैर्यशील धावत आला.

"ताई, काय करायलीस? निरांजन लावलंय तिकडं."

"लागू दे. रेवाला उतरव."

तिने तांदळाची पिशवी सीटमध्ये बसवली, तिच्या खांद्यावर भोपळा ठेवला आणि पट्टे आवळले. उशी आपोआप सरकत भोपळ्याच्या मागे जाऊन टेकली, तसा उंचीचा आकडाही अठ्ठ्याण्णववर येऊन थांबला. सीटने नेहमीसारखा बारीक गुणगुणाट केला. साखरप्याचे काका मोबाईल काढून चित्रण करू लागले. पोरं "भोपळेबाई, भोपळेबाई" करून नाचू लागली. पडद्यावर हिरवा दिवा लागला, आणि सीट गोड आवाजात म्हणाली, "अभिनंदन! ग्रीवांक शंभर. तुमचं बाळ आता पुढे पाहू शकतं."

हशा एकदम उसळला आणि मग, एकेकाच्या लक्षात येत गेलं तसा, विरत गेला.

ऋतुजाने पडद्याच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: प्रतिध्वनी अस्पष्ट, पूर्वनोंदीवरून अनुमान. "रेवाच्या वेळीही हेच लिहून येत असणार," ती म्हणाली. "तिचे केस दाट. केसांत हवा अडकते आणि हवेतून ह्या लहरी मानेपर्यंत पोचत न्हाईत. मग ऐकू आलं नाही, की सीट आपली जुनी वही उघडते आणि त्यातलं उत्तर वाचते."

केतकीचे बाबा पुढे आले. निवृत्त मुख्याध्यापक, रागावले तरी आवाज न चढवणारे. "म्हणजे यंत्रच फसवं. कंपनीला कोर्टात खेचलं पाहिजे ह्यांच्या."

ऋतुजाने हं म्हटलं असतं तर तिथेच सुटली असती ती. सगळा मांडव कंपनीच्या नावाने बोटं मोडायला तयार होता. आईने डोळ्यांनी तिला गप्प राहायची खूण केली. ऋतुजाला रडू येत होतं, आणि वीस अनोळखी माणसांसमोर रडायची तिला लाज वाटत होती.

"कंपनीची चूक न्हाई," ती म्हणाली. "यंत्राने विचारलं होतं मला, नवी नोंद की जुनी. मी जुनी म्हणाले."

"मी सांगितलं म्हणून केलं तिनं," आई मध्ये पडली. "मल्हारची वाढ लागावी म्हणून."

"तू सांगितलंस, पण बोट मी टेकवलं, आई. तुला यंत्रातलं कळत न्हाई. मला कळतं. मी रोज तेच काम करते." मग ती केतकीकडे वळली. "चुकले मी. तुझ्या लेकीच्या बाबतीत चुकले."

केतकी नवऱ्याकडे बघत होती, आणि धैर्यशील गाडीच्या दाराशी उभा होता तो हळूच पायरीवर बसला.

"ताई," तो म्हणाला, "आम्ही फिरवलीय."

"काय?"

"कुलूप उघडलं त्याच दिवशी. आजचं नुसतं दाखवायला. काल परत उलटी करून ठेवली. घाटातनं जाताना ती लई रडायची, ओकायची. म्हटलं, शंभर झालाय, तर कशाला... दोन शनिवार साखरप्याला जाऊन आलो तसेच. मागच्या शनिवारी आंबा घाटात वळणावर म्हैस आडवी आली. करकचून ब्रेक मारला मी. माझा खांदा दोन दिवस दुखत होता पट्ट्याने."

"आणि रेवा?"

"हसली. 'बाबा, पुन्हा' म्हणाली."

केतकीने रेवाला कडेवर घेतलं होतं. तिने लेकीचे केस वर सारले आणि मानेवरून बोटं फिरवली, एकदा, दोनदा, मग फिरवतच राहिली. रेवाला गुदगुल्या होत होत्या.

त्या दिवशी जेवणं झाली, पण फिरवणी झाली नाही. पाहुणे गेल्यावर ऋतुजाने सीटची जुनी नोंद पुसायला घेतली. ती तिच्याच अंगठ्याने पुसली जाणार होती. मल्हारच्या साडेचार वर्षांचे प्रवास, त्याचं दर महिन्याचं वजन, त्याची मान कधी किती पक्की झाली ते, सगळं त्यात होतं. "ह्या नोंदी परत मिळणार नाहीत," सीटने बजावलं. तिने अंगठा टेकवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रेवाला तपासलं. काही झालं नव्हतं. नशीब म्हणायचं, आणि नशिबावर ह्याहून जास्त भार टाकायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी रेवाच्या दोन वेण्या घालायला सांगितल्या, म्हणजे उशी थेट कातडीला टेकेल. धैर्यशीलचा फोन आला. केतकीचा आला नाही.

तीन आठवड्यांनी ऋतुजाच्या मोबाईलवर केतकीचा संदेश आला. त्यात एक आकडा होता, बाकी एक अक्षर नाही. सदुसष्ट. ऋतुजा दुधाच्या नमुन्यांसमोर त्या आकड्याकडे बघत बसली. सदुसष्टच्या मानेने ती पोर आंबा घाट चढली-उतरली होती.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी केतकीचाच फोन आला. मागे रेवाच्या रडण्याचा कल्लोळ होता.

"ताई, बाबांना बरं नाहीय, साखरप्याला निघालोय. ही सीटमध्ये बसत नाही. एकदा पुढचं पाहिलंय ना तिने, आता उलटी व्हायला तयारच नाही. पाऊण तास झाला. ह्यांना वाटतंय, आजच्या दिवस फिरवावी. कुलूप आता उघडणार नाही, पण सीट काढून साध्या पट्ट्याने बसवू म्हणतात. तुम्ही येता का?"

ऋतुजा दहा मिनिटांत पोचली. रेवा सीटच्या पट्ट्यांत कमान होऊन रडत होती. धैर्यशील गाडीला टेकून उभा होता, रात्रभर न झोपल्यासारखा.

"काय झालं गं?"

"मला म्हैस बघायचीय!"

"उलटं बसूनपण दिसते की म्हैस."

"गेल्यावर दिसते!" रेवा किंचाळली. खरंच होतं ते.

ऋतुजा गाडीत चढून तिच्या शेजारी बसली. "रेवा, आत्याचं चुकलं. तू मोठी झालीस असं आत्याने सगळ्यांना खोटंच सांगितलं. तुझी मान अजून लहान आहे. अजून पुष्कळ दिवस उलटं बसायचंय. रडलीस तरी बसायचंय."

रेवा रडायची थांबली. कोणीतरी मोठं माणूस चुकलं, ह्यात तिला रस वाटला. तिने आत्याकडे निरखून पाहिलं.

"मग तू पण उलटी बस."

आताच्या गाड्यांत मागची मोठ्यांची सीटही फिरते, गप्पा मारायला म्हणून. घाटात मात्र ती कोणी फिरवत नाही, पोटात ढवळतं म्हणून. ऋतुजाने एकदा केतकीकडे पाहिलं आणि खटका ओढला. सीट गरकन मागच्या काचेकडे वळली. रेवाने स्वतः हात पट्ट्यांत घातले.

मलकापूर सुटेपर्यंत ठीक होतं. घाट लागला तशी ऋतुजाच्या समोरून झाडं, कठडे, वळणं उलटी पळू लागली, आणि तिसऱ्या वळणावर तिने डोळे मिटून घेतले.

"ताई, थांबवू का गाडी?" पुढून केतकीने विचारलं. महिनाभरात तिने ह्या स्वरात काही विचारलं नव्हतं.

"नको. चालू दे."

बाजूने चिमुकला हात आला. रेवाने आपल्या फ्रॉकच्या खिशातली, आईने तिच्यासाठी ठेवलेली प्लास्टिकची पिशवी काढून आत्यापुढे उघडून धरली होती.

"आत्या, ह्यात," ती समजुतीने म्हणाली. "आणि पुढच्या शनिवारी पण ये."